देवतांचे लेखनिक

जुन्या आयर्लंडच्या वर्षाला चार उंबरठे होते. नोव्हेंबरच्या आरंभी साविन, फेब्रुवारीच्या आरंभी इम्बोल्क, मेच्या आरंभी बेल्टेन आणि ऑगस्टच्या आरंभी लूनसा. डोंगरावरची गुरे गोठ्याकडे परतली की साविन. मेंढ्यांना पान्हा फुटू लागला की इम्बोल्क. गुरे पुन्हा उन्हाळी कुरणांकडे निघाली की बेल्टेन. नव्या पिकाचा पहिला घास हाती आला की लूनसा. हे पंचांग आकाशातील ग्रहगोलांपेक्षा गाईच्या कासेकडे आणि शेतातील कणसाकडे पाहून तयार झाले होते. या सणांभोवती देवतांची नावे गुंफलेली आहेत. साविनशी त्लाख्टगा आणि मॉरिगन, इम्बोल्कशी ब्रिजिड, लूनसाशी ताल्तू. बेल्टेनला मात्र अशी कोणी निश्चित देवी नाही. तिथे आहे ती आग.

गेल्या काही दशकांत या सणांना नवे तेज चढले आहे. इंग्रजी पुस्तकांतून, चित्रपटांतून आणि आता मुलांच्या हातातील पडद्यांवरून काही विधाने आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचली आहेत. हॅलोवीन म्हणजे प्राचीन साविन, सर्व संतांचा सण म्हणजे चर्चने त्यावर चढवलेला मुलामा, संत ब्रिजिड म्हणजे झगा पालटलेली देवी, अशी ही विधाने. ऑक्टोबर अखेरीस मुंबईच्या गृहसंकुलांतून भोपळ्याचे मुखवटे दिसू लागले की धर्मग्रामातील पालक विचारतात, “फादर, हे खरे काय?” कोणा तरुणाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते, कोणा वडीलधाऱ्याला वाटते की असले काही वाचूच नये. दोघांची प्रतिक्रिया प्रामाणिक आहे; पण दोघेही अशा एका ग्रंथाविषयी मत देत आहेत जो त्यांनी उघडलेला नाही. प्रस्तुत लेखात तो ग्रंथ, म्हणजे या सणांविषयीचे मूळ वाङ्मय, उघडून पाहण्याचा प्रयत्न आहे.

उघडताच पहिली गोष्ट नजरेत भरते ती लेखकांची. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी आयरिश लोकांपाशी जी लिपी होती ती ओगम. दगडाच्या कडेवर रेघा ओढून नावे कोरण्यापुरती. कथा, मंत्र, देवतांची चरित्रे यांपैकी काहीही त्या काळातील लोकांनी स्वतः लिहून ठेवलेले नाही. या सणांविषयी आणि देवतांविषयी जे काही जुने लिखाण आज हाती आहे, ते जवळजवळ सर्वच्या सर्व मठवासीयांनी, धर्मगुरूंनी आणि महागुरूंनी लिहिले आहे. ज्यांनी त्या वेद्या विझवल्या असे आपण ऐकतो, तेच त्या आगीचे लेखनिक आहेत. या एका वस्तुस्थितीने सारे वाचन बदलते. मग प्रश्न ‘चर्चने काय चोरले?’ एवढाच राहत नाही. ‘या लेखनिकांनी काय जपले, काय बदलले आणि कोणावर अन्याय केला?’ हा प्रश्न अधिक खरा आणि आपल्याला अधिक अडचणीत टाकणारा आहे.

महागुरूंचा शब्दकोश

बेल्टेनपासून आरंभ करू, कारण आगीचा सर्वांत भक्कम पुरावा याच सणाचा आहे. ‘कॉर्मॅकचा शब्दकोश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात या नावाची फोड दिली आहे. ड्रुइड नावाचे पुरोहित मंत्र म्हणून दोन आगी पेटवीत आणि रोगराईपासून रक्षण व्हावे म्हणून गुरे त्या दोन आगींमधून हाकीत, असे तेथे सांगितले आहे. हा कोश परंपरेने ज्यांच्या नावे आहे ते कॉर्मॅक मॅक कुलेनान हे कॅशलचे राजे होते आणि महागुरूही होते. 908 साली ते रणांगणात पडले. ‘एमेरची मागणी’ या वीरकथेतही हीच दोन आगींची हकीकत येते, आणि वर्षाच्या चार उंबरठ्यांची नावेही नायिका एमेरच्या तोंडी येतात.

या नोंदीचा सूर लक्षात घेण्याजोगा आहे. महागुरूंचा कोश येथे निषेध करीत नाही, नाके मुरडीत नाही. एखादा वैयाकरण जुन्या शब्दाची व्युत्पत्ती सांगतो तितक्याच शांतपणे तो ड्रुइडांच्या मंत्राचा उल्लेख करून पुढच्या शब्दाकडे वळतो. गुरांच्या रोगाची धास्ती त्याला समजते. ज्या समाजात माणसाची श्रीमंती गाईंच्या संख्येवर मोजली जाई, त्या समाजात आगीमधून गुरे नेणारा शेतकरी काय मागत होता, हे त्या समाजातच वाढलेल्या धर्मगुरूला वेगळे सांगावे लागत नव्हते.

मात्र येथे एक खुलासा आवश्यक आहे. या चारही सणांना सरसकट ‘अग्न्युत्सव’ म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, तिला जुन्या वाङ्मयाचा आधार थोडा आहे. बेल्टेनची आग जुन्या नोंदींत आहे. साविनच्या आगीचा उल्लेख येतो, पण बराच उशिरा. इम्बोल्कच्या विधींत आग होती असे जुने ग्रंथ सांगत नाहीत. ते मेंढ्यांच्या दुधाविषयी बोलतात. लूनसाचा गाभा तर मेळा, शर्यती आणि डोंगरचढण यांत आहे. चार सण आणि चार सौरसण जोडून आठ आऱ्यांचे जे ‘वर्षचक्र’ आज प्राचीन म्हणून मिरवले जाते, ते इंग्लंडमध्ये 1950 च्या दशकात बांधले गेले आहे. इतिहासकार रोनल्ड हटन यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या ‘द स्टेशन्स ऑफ द सन’ या ग्रंथात हा सारा पुरावा एकेक करून तपासला आहे, आणि या विषयावर मत बनवू इच्छिणाऱ्याने तो ग्रंथ टाळू नये.

स्लेनच्या टेकडीवरची आग

दुसरी आग आपल्या परिचयाची आहे. संत पॅट्रिक स्लेनच्या टेकडीवर पास्काचा अग्नी पेटवतात. त्याच रात्री टारा येथे लोइगिरे राजाचा सण असतो आणि राजाच्या आगीआधी कोणी आग लावली तर देहान्ताची शिक्षा असते. अंधारात दूर उजेड दिसतो. ही आग आज विझवली नाही तर कधीच विझणार नाही, असे ड्रुइड राजाला बजावतात. पास्काजागरणाच्या रात्री प्रवचनात ही कथा अनेकांनी सांगितली आहे, आणि ती सांगण्यासारखीच आहे.

ही कथा लिहिली ती मुइर्हू या लेखकाने, सातव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे पॅट्रिक यांच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी. पुष्कळ जण टारा येथील तो सण बेल्टेनच होता असे गृहीत धरतात. पण मुइर्हू तसे म्हणत नाही, आणि पास्काचा सण मेच्या आरंभी पडतही नाही. मग त्याने हे दृश्य कोठून आणले? उत्तर त्यानेच देऊन ठेवले आहे. तो टाराला बाबिलोन म्हणतो आणि लोइगिरेला नबुखद्नेस्सर राजाची उपमा देतो. दानिएलच्या ग्रंथातील तिसरा अध्याय डोळ्यांपुढे ठेवला की राजाज्ञा, जमलेले सरदार, ज्योतिषी आणि आगीची परीक्षा हे सारे घटक जागच्या जागी दिसतात. मुइर्हूने आयरिश सणाचे वर्णन करण्यापेक्षा आयर्लंडचा इतिहास पवित्र शास्त्राच्या साच्यात ओतला आहे. साहित्यकृती म्हणून ती समर्थ आहे. सणांचा पुरावा म्हणून मात्र ती कच्ची आहे.

या कथेचा पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. पॅट्रिक यांची निंदा करणारा ड्रुइड त्यांच्या प्रार्थनेने हवेत उचलला जातो आणि दगडावर आपटून मरतो. आता खुद्द पॅट्रिक यांनी लिहिलेले आत्मनिवेदन याच्या शेजारी ठेवावे. त्यात मूर्तिपूजेचा उल्लेख आहे, सूर्यपूजेला विरोध आहे. पण टारा नाही, स्लेन नाही, आग नाही आणि मेलेला ड्रुइडही नाही. तेथे भेटतो तो स्वतःला अडाणी आणि पापी म्हणवणारा, कोवळ्या वयात गुलाम म्हणून पळवून नेलेला आणि ज्यांनी गुलाम केले त्यांच्याकडेच सुवार्ता घेऊन परत आलेला माणूस. मुइर्हूला विजयी वीर हवा होता. पॅट्रिक यांना स्वतःला क्षमा हवी होती. या दोन पुस्तकांपैकी भाविकाने कोणते जवळ करावे याविषयी माझ्या मनात संदेह नाही. आगीचे नाट्य मोठे असले तरी ख्रिस्ताचा सेवक त्या नाट्यात कमी आणि त्या निवेदनात अधिक दिसतो.

त्लाख्टगाची टेकडी

साविनकडे वळताना प्रथम तारखेचा वाद मिटवू. सर्व संतांचा सण साविनवर मात करण्यासाठीच 1 नोव्हेंबरला ठेवला गेला, हे विधान इतक्या वेळा छापले गेले आहे की ते सिद्ध झाल्यासारखे वाटते. पण नवव्या शतकाच्या सुमारास आयर्लंडमध्येच रचल्या गेलेल्या संतस्मरणिका पाहिल्या तर त्यांत सर्व संतांचे स्मरण 20 एप्रिलला आढळते. रोममध्ये 13 मे हा दिवस सातव्या शतकापासून होता. 1 नोव्हेंबरची तारीख युरोपच्या उत्तरेकडील भागांत रूढ झाली आणि 835 साली पोप चौथे ग्रेगरी यांच्या प्रेरणेने सम्राट लुई यांनी ती फ्रँकिश साम्राज्यभर लागू केली. साविन ज्यांच्या अंगणात होता त्या आयरिशांनीच ही तारीख प्रथम धरलेली नाही; मग मात कोणावर झाली? मृतांचे स्मरण 2 नोव्हेंबरला आले ते क्लूनीचे मठाधिपती ओदिलो यांच्यामुळे, दहाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. देवळे पाडू नका, ती शुद्ध करून वापरा, असे सांगणारे पोप पहिले ग्रेगरी यांचे 601 सालचे प्रसिद्ध पत्र या वादात नेहमी पुढे केले जाते. ते इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सनांविषयी आहे, आयर्लंडविषयी नाही. साविन म्हणजे केल्टिक नववर्ष ही कल्पनाही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन रीस यांच्या व्याख्यानांतून रूढ झाली.

आणि आगीचे काय? मीथ परगण्यातील त्लाख्टगाच्या टेकडीवर साविनच्या रात्री ड्रुइड महाअग्नी पेटवीत, त्यात बळी देत आणि देशातील इतर आगी त्या रात्री विझवलेल्या असत, ही बहुतेक सर्व पुस्तकांत आढळणारी हकीकत जेफ्री कीटिंग यांच्या आयर्लंडच्या इतिहासातून येते. तो 1634 च्या सुमारास आयरिश भाषेत पूर्ण झाला. कीटिंग हे कॅथॉलिक धर्मगुरू होते. इंग्रज सत्तेखाली आपल्या लोकांना रानटी ठरवणाऱ्या लेखकांना उत्तर द्यावे म्हणून त्यांनी हा ग्रंथ लिहिला. आपल्या पूर्वजांना देव होते, सभा होत्या, कायदा होता, हे दाखवण्यात एका छळल्या गेलेल्या धर्मसमाजाच्या पाळकाला कमीपणा वाटला नाही. ज्या काळाविषयी ते लिहितात त्यापासून ते हजार वर्षांहून अधिक दूर होते, म्हणून त्यांचा शब्द जपून घ्यावा लागतो. पण त्यांच्या लेखणीमागील प्रेमाविषयी शंका घेता येत नाही.

सर्वच लेखण्या इतक्या प्रेमळ नव्हत्या, आणि हे सांगण्याचे आपण टाळू नये. टेकडीला जिचे नाव आहे ती त्लाख्टगा कोण? स्थळनामांच्या मध्ययुगीन कथासंग्रहात ती मुग रुइथ या ड्रुइडाची कन्या आहे. बाप आणि लेक पूर्वेकडे जाऊन जादू शिकतात ते कोणाकडे? तर जादूगार शिमोनाकडे! प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात पवित्र आत्म्याचे दान पैशाने विकत घेऊ पाहणारा तोच हा शिमोन. त्याचे तिघे मुलगे त्लाख्टगावर बळजबरी करतात. ती आयर्लंडला परतते, टेकडीवर तीन पुत्रांना जन्म देते आणि तेथेच मरते. तिच्यावर मातीचा कोट उभारला जातो. एका स्थानदेवतेला शास्त्राच्या कथेत बसवण्यासाठी लेखनिकाला खलनायकाचा बाप सापडला, आणि किंमत मोजली ती त्या स्त्रीने. त्या काळच्या आयरिश वाङ्मयात देवतांच्या वाट्याला असे मरण वारंवार येते. लूनसाची ताल्तूदेखील रान तोडून मैदान लागवडीखाली आणता आणता श्रमाने मरते आणि तिचा मानसपुत्र लू तिच्या स्मरणार्थ मेळा भरवतो. एकीच्या मरणाला कृतज्ञतेचा मेळा लाभला, दुसरीच्या वाट्याला कलंकाची कथा आली. लेखनिक बहुधा सारख्याच मठांत वाढलेले होते. तेव्हा दोष किंवा श्रेय सगळ्या ‘चर्चच्या’ नावावर टाकून चालत नाही. प्रत्येक लेखणीला तिचा तिचा जाब विचारावा लागतो.

ब्रिजिड: दोन स्त्रिया, एक नाव

या साऱ्या वादाचे केंद्र संत ब्रिजिड आहे. कॉर्मॅकच्या शब्दकोशात ब्रिजिड नावाच्या देवतेची नोंद आहे. ती दाग्दा या देवाची कन्या, कवींची आराध्य देवता; तिच्याच नावाच्या तिच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची आणि एक लोहारकामाची. तिकडे किल्डेअरच्या संत ब्रिजिडचे सर्वांत जुने हाती असलेले लॅटिन चरित्र कोगितोसुस या लेखकाने सातव्या शतकात लिहिले. म्हणजे कागदाच्या हिशेबाने पाहिले तर संत आधी येते आणि देवी अडीचशे वर्षांनी नंतर. याचा अर्थ देवी नंतर निर्माण झाली असा नव्हे. पण देवीच्या जुन्या चरित्रावर संताचे नाव चिकटवले, असे म्हणणाऱ्याला ते जुने चरित्र कोठेतरी दाखवावे लागेल, आणि ते नाही.

कोगितोसुसच्या ब्रिजिडकडे पाहावे. ती गरिबांना लोणी वाटून टाकते आणि घरच्या हिशेबात ते पुन्हा भरून निघते. पाहुण्यांसाठी शिजत असलेले मांस ती उपाशी कुत्र्याला देते. ओला झगा सूर्यकिरणावर वाळत घालते. काव्य नाही, लोहारकाम नाही. आहे ते गोठा, स्वयंपाकघर आणि दारात आलेला भुकेला. देवीशी तिचे साम्य जितके सांगितले जाते तितके या पानांत दिसत नाही. तिचा सण 1 फेब्रुवारीला आणि मेंढ्यांचा पान्हाही त्याच सुमारास, हे मात्र खरे. दूधदुभत्याची संत दूधदुभत्याच्या दिवशी स्मरली जावी यात शेतकऱ्याला काही विचित्र वाटण्याचे कारण नव्हते.

किल्डेअरच्या अखंड अग्नीविषयी आपण सर्वांनी ऐकले आहे. आश्चर्याची गोष्ट ही की मठाचे आणि चर्चच्या वास्तूचे बारकाईने वर्णन करणारा कोगितोसुस त्या अग्नीविषयी अवाक्षर काढीत नाही. त्याचे प्रसिद्ध वर्णन येते ते बाराव्या शतकाच्या अखेरीस, वेल्सचा धर्माधिकारी जेराल्ड याच्या लेखणीतून. हा जेराल्ड आयर्लंड जिंकू पाहणाऱ्या नॉर्मन सत्तेच्या बाजूचा. आयरिशांविषयी त्याने बरेच अपमानास्पद लिहिले, आणि कीटिंग यांनी पुढे ज्यांना उत्तर दिले त्यांत त्याचे नाव आहे. पण किल्डेअरविषयी लिहिताना त्याचा हात मऊ होतो. तो सांगतो की एकोणीस धर्मभगिनी आळीपाळीने एकेक रात्र अग्नी राखतात. विसाव्या रात्री शेवटची भगिनी लाकडे शेजारी ठेवते, ही रात्र तुझी आहे असे ब्रिजिडला सांगून निघून जाते, आणि सकाळी अग्नी तेवत असतो. भोवती कुंपण आहे आणि ते पुरुषाने ओलांडायचे नाही.

या परिच्छेदात रोमन वेस्टा देवीच्या कुमारिकांची आठवण होते, आणि जेराल्डसारख्या लॅटिन वाचलेल्या माणसाला ती झाली नसेल असे नाही. ड्रुइड पुजारिणींची परंपरा येथे अखंड चालत आली, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मधल्या पाचशे वर्षांत त्याला एकही साक्षीदार नाही. तो निष्कर्ष सोडून दिला म्हणून आपल्या हातून काही निसटते असे मला वाटत नाही. जे उरते ते पुरेसे आहे. थंडीच्या रात्री, एका ओसाड होत चाललेल्या जगात, वीस स्त्रियांपैकी एकोणीस जिवंत आहेत आणि विसावी सातशे वर्षांपूर्वी वारली आहे; तरीही पाळीच्या यादीत तिचे नाव आहे आणि ती पाळी चुकवणार नाही असा त्या एकोणीस जणींना भरवसा आहे. संतांच्या सहभागित्वाचे इतके घरगुती चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही.

आणि देवीचे काय? तिलाही तिची एक जागा जुन्या वाङ्मयात आहे, पण ती सांगणारे थोडे. ‘मॉय तुराची दुसरी लढाई’ या कथेत दाग्दाची कन्या ब्रीग या नावाने ती येते. याच कथेत साविनच्या सुमारास नदीकाठी दाग्दा आणि मॉरिगन यांची भेट होते. लढाईत ब्रीगचा मुलगा रुआदान शत्रूच्या गोटात हेरगिरी करताना मारला जातो. आई येते आणि आक्रोश करते. आयर्लंडमध्ये मेलेल्यासाठी हंबरडा फोडला गेला तो याच वेळी प्रथम, अशी टीप लेखनिक देतो. या देवीच्या हाती येथे ना ज्योत आहे ना ऐरण. आहे ते मुलाचे प्रेत. हे लिहिणारा मठवासी दर शुभ शुक्रवारी क्रुसाखाली उभ्या असलेल्या मातेचे ध्यान करणारा होता. त्याने परक्या देवीच्या तोंडचा शोक खोडला नाही, त्यावर टीकाही केली नाही. तिला त्याने तिच्या मुलाशेजारी बसू दिले. या एका जागी मला त्या सर्व लेखनिकांविषयी कृतज्ञता वाटते.

मागच्या डोंगरातील आग

लूनसाविषयीचे मोठे काम एका स्त्रीने केले. आयरिश लोकसाहित्य आयोगाने 1942 साली गावोगावी प्रश्नावली पाठवली होती; त्या उत्तरांवर आणि जुन्या ग्रंथांवर मॉइरे मॅकनील यांनी 1962 साली ‘द फेस्टिव्हल ऑफ लूनसा’ हा ग्रंथ सिद्ध केला. सुमारे दोनशे टेकड्या, विहिरी आणि सरोवरकाठ त्यांनी नोंदवले, जेथे उन्हाळ्याच्या अखेरीस लोक जमत, बेरी खुडत, नवे बटाटे खात. जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रो पॅट्रिकच्या 764 मीटर उंच डोंगरावर हजारो यात्रेकरू चढतात, काही जण अनवाणी. ही यात्राही त्याच परंपरेतील असे त्यांनी मांडले. त्यांचे सर्व निष्कर्ष आज स्वीकारले जात नाहीत. परंतु लोकांचे पाय त्याच डोंगराकडे वळत राहिले आणि ओठांवरील प्रार्थना बदलली, हे त्यांनी दाखवलेले चित्र तारखांच्या वादापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

याच सणाचे नाव घेऊन ब्रायन फ्रील यांनी ‘डान्सिंग अॅट लूनसा’ हे नाटक लिहिले; डब्लिनच्या अॅबी थिएटरने ते 1990 साली रंगमंचावर आणले. फ्रील काही काळ मेनूथच्या सेमिनरीत होते, धर्मगुरू न होता बाहेर पडले. 1936 च्या ऑगस्टमध्ये डोनेगल परगण्यातील एका खेड्यात पाच अविवाहित बहिणी राहतात. थोरली केट शिक्षिका. घर तिच्या पगारावर चालते. भाऊ फादर जॅक पंचवीस वर्षे युगांडातील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत सेवा करून परतला आहे; तो मिस्साविषयी क्वचितच बोलतो आणि तिकडच्या सुगीच्या नृत्याविषयी डोळ्यांत चमक आणून बोलतो. मागच्या डोंगरात लूनसाची आग पेटते आणि एक मुलगा त्यात भाजतो, अशी बातमी घरात येते. केट तो विषय तिथेच थांबवते.

या नाटकावर पुष्कळांनी लिहिले ते चर्चविरुद्ध प्राचीन आनंद असे दोन पक्ष उभे करून. मला ते वाचन अपुरे वाटते. फ्रील डोंगरातील आगीचे गोडवे गात नाहीत. ती आग दारूच्या धुंदीत पेटलेली आहे आणि तिने एका पोराला भाजले आहे. त्यांनी ती रंगमंचावर आणलीच नाही. रंगमंचावर आहे ते स्वयंपाकघर, आणि रेडिओवर वाद्य वाजू लागताच पिठाचे हात तसेच ठेवून नाचू लागलेल्या चार बहिणी. पाचवी, केट, सर्वांत शेवटी उठते आणि एकटीच नाचते. तिला धर्मवेडी ठरवणे सोपे होते. नाटककाराने तसे केले नाही. तिच्या कठोरपणामागे पाच जणींची भाकरी आहे, आणि तीही पुढे भावाविषयीच्या कुजबुजीमुळे हिरावली जाते. दोघी बहिणी घर सोडून लंडनला जातात आणि तेथे त्यांची परवड होते. डोंगरातील देवांनी त्यांना वाचवले नाही. हे आपण सहज म्हणू. धर्मग्रामानेही त्यांना वाचवले नाही. हे म्हणताना आपला आवाज खाली येतो. धर्मगुरू म्हणून हे नाटक वाचताना मला ड्रुइडांची भीती वाटत नाही. ज्या घरात आनंदाला जागा उरत नाही त्या घरातील माणसे मागच्या डोंगराकडे पाहू लागतात, याची वाटते.

फ्रील यांच्यापाशी एक उणीव आहे, ती फादर जॅकची. त्याच्या आफ्रिकेतील लोकांचा आनंद आपल्याला फक्त त्याच्याच तोंडून कळतो. त्यांच्यातील एकही माणूस स्वतः बोलत नाही. तेही, आयरिश देवतांप्रमाणेच, एका धर्मगुरूच्या शब्दांतून आपल्यापर्यंत येतात. मुइर्हूपासून फादर जॅकपर्यंत ही अडचण एकच आहे.

वाचनाचा धडा

वाचकहो, मग घरी मुलाने विचारले तर काय सांगावे? प्रथम जे खरे आहे ते. सर्व संतांचा सण साविनची नक्कल नाही. संत ब्रिजिड मुखवटा घातलेली देवी आहे हे सिद्ध झालेले नाही. ती देवीची आठवण असलेल्या देशात वाढली आणि दोघींचे नाव एक होते, हे खरे आहे. किल्डेअरच्या चौकात 2006 पासून एक ज्योत कायम आहे. ब्रिजिडाइन भगिनींनी ती 1993 साली पुन्हा पेटवली होती. 2023 पासून ब्रिजिडच्या नावे आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे. त्या दिवशी तिथे मिस्सेला जाणारे असतात आणि देवीच्या नावे जमणारेही असतात. दोघांनाही आपली ज्योत फार जुनी आहे असे वाटते.

त्यानंतर जे अवघड आहे तेही सांगावे. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, ही शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली दिली. ती शिकवण नवी वाटते. पण ब्रीगच्या आक्रोशाची नोंद करणाऱ्या त्या अनाम मठवासीयाने ती अकराशे वर्षांच्या आसपास आधी आपल्या बोरूने पाळली होती, आणि त्लाख्टगाची कथा लिहिणाऱ्याने ती मोडली होती. दोघेही आपलेच. आपण आज शेजाऱ्याच्या सणाविषयी मुलांना जे सांगतो तेही एक प्रकारचे लेखन आहे. पुढची पिढी ते सणाचे वर्णन म्हणून कमी आणि आपली ओळख म्हणून अधिक वाचणार आहे.